साय धरली नाही

या अंकाच्या संपादकांना मी गेली पाच-सहा वर्षं लॅबमधल्या गमती लिहून देत आलो. वाचकांना त्या आवडतात असं ते म्हणतात. एक हकिगत मात्र दर वर्षी लिहायला घेतली आणि दर वर्षी दुसऱ्या पानावर सोडून दिली. संपादकांना कारण प्रकृतीचं सांगायचो. प्रकृती ठणठणीत होती, लिहायची हिंमत नव्हती. आता पंचाहत्तरी उलटली आहे. आणि या वर्षी असं काही घडलं की गप्प बसणं लिहिण्यापेक्षा जड झालं.

मी नागावात तीस वर्षं रक्त तपासलं. डॉक्टर म्हणून नव्हे, लॅब टेक्निशियन म्हणून. बाजाराच्या रस्त्याला दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत सहा माणसांचं बाकडं, आतल्या खोलीत यंत्रं आणि एक जुना फ्रिज. आठवड्यातून दोनदा अलिबागहून पॅथॉलॉजिस्ट बाई यायच्या आणि रिपोर्टांवर सह्या करून जायच्या. बाकी सगळा कारभार माझा. सकाळी साडेसहाला कुलूप काढलं की स्पिरिटचा वास आणि मागच्या वाडीतला ओल्या सुपारीचा वास एकत्रच नाकात यायचे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी सकाळी जाग येते ती त्याच वेळी, आणि हात कुलपाची चावी शोधतात.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रक्त नळीत घेतलं की आधी गोठू द्यायचं. मग नळी एका यंत्रात ठेवून गरगर फिरवायची. लाल भाग तळाशी बसतो आणि वर पिवळसर, नितळ पाणी राहतं. त्याला सीरम म्हणतात. आमचं सगळं ज्ञान त्या चमचाभर पाण्यावर. त्यात औषधी द्रावण घालायचं, रंग येतो, रंग जितका गडद तितका आकडा मोठा. कोलेस्टेरॉल, त्यातलं चांगलं किती आणि वाईट किती, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तात फिरणारी चरबी किती, हे सगळं असंच मोजायचं.

लोकांना वाटायचं, या आकड्यांवरून हार्ट अटॅक कधी येणार ते कळतं. तसं काही कळत नाही. रक्तात रोग दिसत नाही, खुणा दिसतात. आमच्याकडे खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध घालतात. बांधाला कुठे पाझर दिसला म्हणजे तो आजच फुटतो असं नाही. कधी पाझरतच दहा वर्षं उभा राहतो, आणि कधी कोरडा दिसणारा बांध एका उधाणाला जातो. पण पाझर दिसला तर ज्याचं शेत त्याला जाऊन सांगायचं असतं. आमचं काम तेवढंच, सांगायचं. आता तर लायपोप्रोटीन-ए, सीआरपी, होमोसिस्टीन अशा नवनव्या खुणा तपासतात. त्यातल्या काही बापाकडून मुलांकडे जातात. माझ्या वेळी यातलं बरंचसं आमच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

गिऱ्हाइकं मजेदार असायची. एक निवृत्त गुरुजी दर सहा महिन्यांनी यायचे. तपासणीच्या आधी आठ दिवस मासे बंद, तेल बंद, पहाटे लसणीच्या दोन पाकळ्या आणि समुद्रापर्यंत फेरी. रिपोर्ट हातात आला की आकड्यांवर बोट ठेवत वाचायचे आणि म्हणायचे, “पास झालो की नाही?” त्याच संध्याकाळी घरी सुरमई तळली जायची. मी म्हणायचो, “गुरुजी, तुम्ही या आठ दिवसांची परीक्षा दिलीत. उरलेल्या पावणेसहा महिन्यांची कोण देणार?” ते म्हणायचे, “अभ्यास परीक्षेच्या आधीच करतात, बाबा.” दुसऱ्या एक म्हाताऱ्या आजी रिपोर्ट घ्यायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, “उरलेलं रगत दे परत. माझ्यात आधीच कमी हाय.”

पण सगळ्यात मोठा वैताग उपाशीपोटी यायला सांगण्याचा. चरबीच्या तपासणीला तेव्हा बारा तास काही न खाता यावं लागे. आमच्या भागात चहा हे खाणं नव्हेच. चहाबरोबरची खारी म्हणजे चहाच. शहाळं म्हणजे पाणी. “काही खाल्लंय का?” विचारलं की माणूस छातीवर हात ठेवून “न्हाय” म्हणायचा. मग मी नळी फिरवायचो आणि वरचं पाणी नितळ न दिसता गढूळ, कधीकधी दुधासारखं पांढरं दिसायचं. ताज्या जेवणातली चरबी रक्तात आली की असं होतं. असलं सीरम यंत्रात घालून उपयोग नसतो, आकडे भलतेच येतात. मी रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहायचो, ‘खाऊन आले. पुन्हा बोलावले.’ आणि बाहेर येऊन त्या माणसाची सगळ्यांसमोर उलटतपासणी घ्यायचो. दहातले नऊ जण कबूल व्हायचे. बाकड्यावर हशा व्हायचा. मला त्याचं व्यसनच लागलं होतं. माझं एक ठरलेलं वाक्य होतं, “रक्त खोटं बोलत नाही, माणूस बोलतो.” गावात ते वाक्य लोक माझ्या आवाजात बोलून दाखवायचे आणि मला बरं वाटायचं.

आता गजाचं सांगतो.

गजानन माझा शाळेपासूनचा मित्र. मूळचा धरमतरच्या खाडीकडचा, मिठागरावरच्या घरातला. बाप मिठागरावर काम करता करताच छाती धरून खाली बसला तो उठला नाही. तेव्हा गजा सहावीत होता. आईने त्याला नागावला मामाकडे पाठवलं, म्हणून तो माझ्या वर्गात आला. आम्ही ओहोटीला वाळूतले खुबे, म्हणजे शिंपले, वेचायचो, भरतीला पोहायचो. तो पोहताना गायचा, आणि त्यामुळे खारं पाणी पिऊन दर वेळी खोकायचा. मोठा झाल्यावर त्याने एक जुना ट्रक घेतला. विटा, रेती, कौलं, जे मिळेल ते भरून माणगाव, महाडपर्यंत जायचा. लॅबवरून जाताना हॉर्न दोनदा वाजवायचा. मी कुणाच्या दंडात सुई घालत असलो तर चिडायचो. आज त्या रस्त्याने पर्यटकांच्या गाड्या दिवसभर हॉर्न देत जातात आणि मी व्हरांड्यात बसून उगाच मान वर करतो.

गजाची बायको सुमनवहिनी. मला भावजी म्हणते. करारी बाई. सासरा तरुणपणी गेला, हे तिच्या मनात पक्कं होतं. गजाची पंचेचाळिशी आली तशी ती मागे लागली की रक्त तपासून घ्या. गजा हसण्यावारी न्यायचा. शेवटी एका सकाळी सात वाजता तिने त्याला माझ्या बाकड्यावर आणून बसवलंच.

“भावजी, रात्री सातला जेवलेत. नंतर स्वैपाकघराला मी कडी घातली. पाण्याशिवाय काही दिलेलं नाही.”

“वश्या, सोड रं मला,” गजा म्हणाला. “ही मला पोलिसासारखी घेऊन आलीय.”

मी रक्त घेतलं. नळी फिरवली. यंत्र थांबल्यावर झाकण उघडलं, तर वरचा भाग दुधासारखा पांढरा. इतकं पांढरं मी क्वचितच पाहिलं होतं.

वहिनीला मी विचारलं, “हा सकाळपासून तुमच्या नजरेसमोर होता?”

“पहाटे नाक्यावर गेले होते. गाडीच्या टायरची हवा बघायला.”

नाक्यावर भज्यांचं हॉटेल होतं. झालं. मी ती नळी हातात घेऊन बाहेर बाकड्यासमोर उभा राहिलो. सहा-सात माणसं होती, सगळी ओळखीची.

“गजाशेठ, भजी कांद्याची होती की बटाट्याची?”

लोक हसले. गजाही आधी हसला. “कंची भजी?”

“ही बघ. तुझ्या रक्तात दूध आहे. टँकर चालवतोस काय?”

“शप्पथ सांगतो वश्या, चहा पन न्हाय घेतला. हवा भरली आनि सरळ घरी आलो.”

“रक्त खोटं बोलत नाही, गजा. माणूस बोलतो.”

सगळं बाकडं माझ्याबरोबर ते वाक्य म्हणालं. गजाचं हसू तिथे गेलं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिने पिशवी उचलली आणि म्हणाली, “चला. माझीच चूक. एवढी राखण केली ती कशाला?” जाताना गजा दारात थांबला आणि मला म्हणाला, “तिला तरी सांग ना, की चुकून असं होऊ शकतं.” मी म्हणालो, “सोमवारी ये. खरोखर उपाशी ये.” ठरल्याप्रमाणे लाल शाईने रजिस्टरमध्ये लिहिलं.

इथपर्यंतचं काय, कुणाच्याही हातून घडलं असतं. पुढचं फक्त माझं आहे.

आम्हाला शिकताना एका सरांनी एक साधी परीक्षा शिकवली होती. असं दुधाळ सीरम मिळालं तर नळी रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता उभी ठेवायची. माणूस जेवून आला असेल तर जेवणातली चरबी हलकी असते, ती वर येऊन साय धरते आणि खालचं पाणी नितळ होतं. पण साय न धरता सगळी नळी वरपासून खालपर्यंत सारखीच गढूळ राहिली, तर ती चरबी जेवणाची नव्हे. ती शरीराने स्वतःच तयार केलेली असते, माणूस किती का उपाशी असेना. अशा वेळी साखर, थायरॉइड, दारू, घराण्यातला दोष, सगळं तपासावं लागतं, आणि माणसाला ताबडतोब डॉक्टरकडे पाठवावं लागतं.

गजाची नळी मी फ्रिजमध्ये ठेवली होती. तपासायला नव्हे. त्याला साय दाखवून अजून एकदा चिडवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडला. नळी वरपासून खालपर्यंत सारखीच गढूळ होती. साय धरली नव्हती. टिपूससुद्धा नाही. उजेडात धरून पाहिली, फिरवून पाहिली. बाहेर बाकड्यावर माणसं येऊन बसायला लागली होती. काल हसलेल्यांतले दोघे रिपोर्ट न्यायला आले होते. मला दोन मिनिटांचं काम होतं. बाहेर येऊन म्हणायचं होतं, काल मी चुकलो, गजा खरं बोलत होता. किंवा तेही नको, संध्याकाळी त्याच्या घरी जायचं होतं. मी नळी ब्लीचच्या बादलीत ओतली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मनाशी म्हटलं, सोमवारी येईलच, तेव्हा गुपचूप रिपोर्ट करू आणि डॉक्टरांकडे पाठवू. माझं वाक्यही शाबूत राहील आणि त्याचं कामही होईल.

सोमवारी त्याला महाडची फेरी लागली. पुढच्या सोमवारी तो आला नाही. तोवर नाक्यावर त्याला ‘दूधवाला’ नाव पडलं होतं. दहा-बारा दिवसांनी तो मला मासळी बाजाराबाहेर भेटला. कोपऱ्यात ओढून म्हणाला, “वश्या, एक काम कर. मी तुझ्या लॅबच्या ओट्यावर झोपतो. संध्याकाळपासून मला काही खायला देऊ नको, दारात बस आनि राखन कर. सकाळी रगत काढ. पन सुमनला सांग की मी खोटा न्हाय. ती माझ्याशी बोलत न्हाय रं. ताट वाढते आनि उठून जाते.”

तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, “अरे, बायका बोलतात परत. ये तू सोमवारी.”

त्याने माझा हात पाठीवरून काढला. मग म्हणाला, “तुझ्याकडे न्हाय येनार आता.” आणि गेला. त्यानंतर हॉर्न वाजला नाही. ट्रक समोरून जायचा, पण गुपचूप.

दीडेक महिन्याने, भर दुपारी, माणगावच्या अलीकडे त्याने ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मागच्या गाडीवाल्याला वाटलं झोपलाय. कुणाला खरचटलंही नाही. गाडी नीट लावून गेला.

त्या दिवशीचा रिपोर्ट गेला असता तर तो वाचला असता, असं मी म्हणत नाही. आमच्या धंद्यात असं छातीठोक कुणी बोलू नये. पण पाझर मी पाहिला होता आणि ज्याचं शेत त्याला सांगितलं नव्हतं. तेराव्याला लोक हळहळत होते, “वहिनी बिचारी उपाशी ठेवायची, पण हा बाहेर खायचाच. तपासणीच्या दिवशीसुद्धा भजी खाऊन गेला होता.” मी पत्रावळ पुढे घेऊन मान खाली घालून ऐकत होतो. माझंच बोलणं गावभर फिरून माझ्याच पंगतीत आलं होतं.

त्यानंतर मी बाकड्यासमोर कुणाची उलटतपासणी घेतली नाही. ते वाक्यही बोललो नाही. प्रत्येक दुधाळ नळी रात्रभर ठेवू लागलो आणि सकाळी सायीची वाट पाहू लागलो. लोक म्हणायचे, आता रक्तवाले पूर्वीसारखे हसत नाहीत, वय झालं. हल्ली तर बऱ्याच लॅबमध्ये पहिल्या तपासणीला उपाशी असण्याचा आग्रहच धरत नाहीत. खाऊन आलात तरी चालतं म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून वाडीत जाऊन उभा राहिलो होतो.

या वर्षी उन्हाळ्यात गजाची मुलगी प्राची माझ्याकडे आली. बाप गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता दोन मुलांची आई आहे. वाडीत तीन कॉटेज बांधून पर्यटकांना राहायला देते, आणि वहिनीच्या हातच्या घावण्यांसाठी मुंबईचे लोक परत परत येतात. तिच्या हातात कागद होता.

“काका, तुम्ही रक्तातलं जाणता म्हणून आले. दोनदा तपासायला गेले. दोन्ही वेळा म्हणाले, सीरम दुधासारखं आहे, खाऊन आलीस. देवाशप्पथ काका, आदल्या संध्याकाळपासून पाणी सोडून काही नाही. आई तर म्हणाली, बापावर गेलीस. तोही असाच खोटं बोलायचा.”

तिच्या हातातला कागद घेऊन वाचला. मी तो टेबलावर ठेवला.

“तू खरं बोलतेयस,” मी म्हणालो. “मला काही एक पटवायची गरज नाही.” तिला सायीची परीक्षा समजावून सांगितली, अलिबागच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली, आणि चिठ्ठीत लिहिलं की हा दोष घराण्यातला असू शकतो, मुलांचंही रक्त तपासावं. तिचं औषध सुरू झालं आहे. आकडे उतरताहेत. मोठ्या मुलाचंही पाहिलं, तो ठीक आहे.

पण त्या दिवशी जाता जाता ती दारात थांबली, तिचा बाप थांबला होता तशीच, आणि म्हणाली, “म्हणजे काका, बाबांचं पण असंच होतं का?”

मी म्हणालो, “असेल.”

‘होतं’ म्हणायला हवं होतं. तीस वर्षं रक्तात घालवलेल्या माणसाला ‘असेल’ आणि ‘होतं’ यांतला फरक कळतो.

आठ दिवसांनी मी मनाशी सगळं ठरवून त्यांच्या घरी गेलो. वहिनी मागच्या पडवीत सुपाऱ्या फोडत बसली होती. माझ्यासाठी तिने चहा टाकायला लावला. पाहुण्यांचा, नळाला पाणी नसल्याचा, नातवांचा विषय झाला. मग ती आपणहून म्हणाली, “प्राचीचं तुम्ही बघितलंत, भावजी. नाहीतर मी तिलाही खोटारडीच म्हणत बसले असते.” आणि एक सुपारी फोडून, “त्यांच्याशी शेवटचे दोन महिने मी धड बोलले नाही, माहितेय तुम्हाला? खोटं बोलले म्हणून. भजी खाल्ली त्याचं काही नव्हतं हो. माझ्या तोंडावर खोटं बोलले, ते लागलं. आता वाटतं, कशाला एवढं धरून बसले? खाल्ली असतील भजी तर खाल्ली. भूक लागली असेल.”

ती त्याला माफ करत होती. जे त्याने केलंच नव्हतं, त्यासाठी. इतक्या वर्षांनी तिने कुठेतरी मन निवांत केलं होतं. आता मी खरं सांगितलं, तर तिला कळणार की तिने दोन महिने एका खऱ्या माणसाशी अबोला धरला, आणि तोही माझ्या शब्दावर. माझ्या तोंडात चहा होता. तो गिळला. कप खाली ठेवला. “येतो वहिनी,” म्हणालो. ती म्हणाली, “सुपारी घेऊन जा.” मी सुपारी घेऊन आलो.

तेव्हापासून तीनदा त्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरलो आहे. प्राची हा अंक दर वर्षी घेते आणि आईला वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. समोर बसून जे बोलायला मला जमलं नाही, ते इथे लिहितो.

वहिनी, गजा त्या दिवशी उपाशी होता. त्याने भजी खाल्ली नव्हती. चहासुद्धा घेतला नव्हता. तुम्ही घातलेली कडी त्याने मोडली नव्हती. तो तुमच्याशी खोटं बोलला नाही, आणि हे मला दुसऱ्याच दिवशी सकाळी कळलं होतं. अबोला धरायचा होता तो माझ्याशी धरायला हवा होता. मला माफ करा, असं म्हणायला मी त्या दुपारी तुमच्या पडवीत आलो होतो.